हाताला सोसेल इतकं गरम

लढाई संपली आणि नगरच्या छावणीतलं माझं कामही संपलं. चार वर्षं मी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. एके सकाळी आम्हाला रांगेत उभं करून सांगितलं की उद्यापासून यायचं नाही, आणि दुपारपर्यंत माझा पासही काढून घेतला. राग आला, पण काढणार कुणावर? ज्या साहेबानं सांगितलं, तो स्वतःच घरी जायच्या बोटीची वाट बघत होता. मी सायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधली आणि नेवासा तालुक्यात विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत हिंडायला लागलो.

त्या काळी ज्याच्या विहिरीवर इंजिन, त्याचा रुबाब काही और असायचा. इंजिन गार राहावं म्हणून विहिरीच्याच पाण्याचा एक बारीक फाटा त्याच्या अंगाभोवती फिरवून बाहेर काढलेला असे. ते पाणी तापून पाटात पडायचं. आमच्या कोरड्या मुलखात गरम पाणी फुकट वाहतंय हे कुणाला बघवणार? इंजिनाचा आवाज सुरू झाला की वस्तीवरची माणसं पंचे खांद्यावर टाकून हजर. एका पाटलीणबाईंना तर पाणी आणखी कढत हवं असायचं, म्हणून त्या गुपचूप फाट्यावरची चावी पिळून धार बारीक करून ठेवायच्या. इंजिन भाजून निघालं की मला बोलावणं. मी एकदा चिडून म्हणालो, आंघोळच करायची तर बंब घ्या. त्यांनी मला चहा पाजला आणि माझी पाठ वळल्यावर पुन्हा चावी पिळली.

पण खरं सांगायचं तर माझंही माप तेच होतं. माझ्याजवळ कसलं मीटर नव्हतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरायचा. पाणी गारढोण लागलं तर समजायचं की इंजिन थंड पडलंय. त्यात रॉकेल नीट जळत नाही, धूर होतो, जोर लागत नाही. मग चावी थोडी आवळायची. हात चटकन मागे आला तर चावी सोडायची. आंघोळीच्या पाण्याइतकं, हाताला सोसेल इतकं गरम लागलं की इंजिन अगदी ठीक. या एका मापावर मी तीस-चाळीस गावांत नाव कमावलं होतं, आणि त्याची थोडी मिजासही होती मला.

त्या गावांपैकी काही गोदावरीच्या पलीकडे, निजामाच्या हद्दीत होती. तिकडे जायचं तर नाव. आमच्या घाटावरचा नावाडी साठीचा होता. त्याला सगळे बाबा म्हणत, मीही तेच म्हणायचो. बोलणं कमी, पण माझी सायकल तो नावेत अशी अलगद ठेवायचा की मला संकोच वाटायचा. नाव लावून झाली की काठावरच्या खोपटात बसायचा. चिलीम भरायचा. चुलीतला लाल निखारा दोन बोटांनी उचलायचा आणि सावकाश, काही घाई न करता चिलमीवर ठेवायचा. मी दर वेळी कौतुकानं बघायचो. पन्नास वर्षं बांबू आणि वल्हं धरून त्याच्या तळहाताचं कातडं बैलाच्या खुरासारखं झालं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पुढे जे घडलं त्यात माझ्या बाजूनं म्हणता येईल असं म्हणूनच काही उरत नाही.

बाबांचा उजवा खांदा गेला होता. हात डोक्यावर जात नव्हता. उन्हाळ्यात उथळ पाण्यात बांबू रेटून कसंबसं चालायचं, पण पावसाळ्यात पूर आला की दोन भक्कम गडी लागत. त्यांचा एकुलता मुलगा लष्करात गेला होता आणि लढाई संपून वर्ष झालं तरी सुटला नव्हता. आता त्याचं पत्र आलं होतं, दिवाळीच्या आत सोडतील असं. ते पत्र बाबांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. कारण घाटाचा प्रश्न होता. दोन्ही काठांची गावं सुगीला नावाड्याला धान्य घालत, आणि तो मान त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेला. पंचांनी सांगितलं होतं की हा पावसाळा पार पाडून दाखवा, नाहीतर घाट चुलत घराण्याकडे जाईल. एकदा गेलेला घाट परत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा येईपर्यंत चार महिने घाट हातात ठेवायचा, म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं.

आणि मला काय सुचावं? छावणीतलं उरलंसुरलं सामान लिलावात निघत होतं. नगरच्या एका भंगारवाल्याकडे मला नावेच्या पाठीला लावायचं इंजिन दिसलं. वर डोकं, मध्ये लांब दांडा, खाली पंखा. ज्या शहराची सीना नदी आठ महिने कोरडी, तिथं ते कोण विकत घेणार? भंगारवाला त्याला ताक घुसळायचं यंत्र समजत होता. मी त्याच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन दुरुस्त करून दिलं आणि त्याच्या बदल्यात हे उचललं. बैलगाडीत कडब्याखाली घालून घाटावर आणलं. बाबांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "ह्याला खायला काय लागतं?"

पेट्रोल परमिटावर मिळायचं, म्हणजे आमच्यासारख्याला मिळायचंच नाही. मी ते रॉकेलवर चालवलं. सुरू करण्यापुरतं टोपणभर पेट्रोल, मग रॉकेल. चाललं, पण कसं? खोकल्यागत आवाज, काळा धूर, आणि नावेत चार माणसं बसली की डोहाच्या मध्येच नाव जागच्या जागी थरथरत राहायची. काठावर माणसं जमून हसत होती. बाबांचा चुलतभाऊ तर मोठ्यानं म्हणाला की यापेक्षा म्हैस बांधली असती तर नाव पुढे गेली असती. मी तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी इंजिनाच्या मागून जिथं पाणी बाहेर पडतं तिथं सहज हात धरला. पाणी नदीइतकंच गार होतं.

तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो, आणि आता त्याची लाज वाटते. अरे, हे तर माझ्या घरचं दुखणं. इंजिन थंड पडत होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी ते पेट्रोलसाठी बनवलं, माझ्यासारखा रॉकेल जाळणारा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. पाणी बाहेर पडायचं भोक करंगळीएवढं होतं. मी पितळेचं एक बूच घडवलं, त्याला आटे पाडले, आणि मधून दाभणाएवढं भोक पाडलं. बूच त्या तोंडात बसवलं. पुढे तांब्याची एक वाकडी नळी जोडली, म्हणजे धार दांडा धरून बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताशी यावी आणि त्याला वाकावं लागू नये. विहिरीवर चावी असते, इथं बूच. फरक एवढाच, असं मला वाटलं. चावी कमीजास्त करता येते आणि बूच करता येत नाही, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

इंजिन बदललंच. दहा मिनिटांत धार कोमट झाली, मग चांगली आंघोळीसारखी झाली, धूर बंद झाला आणि आवाज असा एकसुरी लागला की मी स्वतःशीच हसलो. दहा माणसं आणि दोन शेळ्या घेऊन नाव सरळ पलीकडे गेली. परत येताना बाबा दांडा धरून ताठ बसले होते. त्यांना मी शिकवलं. म्हणालो, मधून मधून धारेखाली हात धरायचा. आंघोळीच्या पाण्याइतकं लागतंय तोवर काळजी नाही. हाताला सोसवेना झालं की लगेच इंजिन बंद. बाबा म्हणाले, "यवढंच ना?" मी म्हणालो, एवढंच.

आषाढ निघाला. घाटावर माणसं इंजिनाची नाव बघायला म्हणून येऊ लागली. पंच एकदा मुद्दाम पलीकडे जाऊन आले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते. बाबांनी मदतीला घेतलेला भाचा आपल्या गावी परत गेला, कारण त्याची गरज उरली नव्हती. मी बाबांना म्हणालो होतो की नाव हलकी राहू द्या, इंजिनाला सोपं जातं. म्हणून जास्तीची वल्ही खोपटात उभी राहिली आणि नावेत एकच राहिलं. हेही माझंच.

श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे पावसाचा पत्ता नव्हता, बाजरी माना टाकून उभी होती, पण वर नाशिककडे पडला होता आणि नदी लाल होऊन दुथडी आली होती. घोडेगावचा बाजार करून पलीकडची माणसं परतत होती. नावेत दहा-बारा जण, एक तान्हं मूल घेतलेली बाई, आणि नावेच्या अंगाला दाव्यानं बांधून पोहत न्यायची एक बैलजोडी. मलाही पलीकडे जायचं होतं, पण नाव भरली होती. बाबा मला म्हणाले की दुसऱ्या खेपेला या, आणि निघाले. मी काठावर सायकलीला टेकून उभा राहिलो.

नावेची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. ती तांब्याच्या नळीची धार उन्हात पांढऱ्या दोऱ्यासारखी चमकत होती आणि मी तिच्याकडेच बघत होतो, कारण ती माझी करामत होती. अर्ध्याच्या थोडं अलीकडे दोरा बारीक झाला. मग तुटला. थेंब थेंब पडायला लागले आणि त्यांच्यामागून वाफेचा एक झोत आला. बाबांनी उजवा हात पुढे केला. थेंबांखाली धरला. चांगला धरून ठेवला. मी म्हणालो, आता बंद करतील. त्यांनी हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि पुढे बघत बसले.

मला काही कळेना. मी ओरडायला लागलो. बंद करा, बाबा, बंद करा. पुराच्या घोंघाटात माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. पंचा काढून हलवला. नावेतल्या एका माणसानं वळून पाहिलं आणि त्यानंही उलट हात हलवला. बाबांनी पुन्हा एकदा हात धरला, पुन्हा मागे घेतला. मग एक किंचाळल्यासारखा आवाज आला आणि इंजिन थांबलं. त्या अंतरावरून ती शांतता मला ऐकू आली म्हणालो तर कुणाला पटणार नाही, पण आली.

नाव आडवी झाली. प्रवाहानं तिला उचललं आणि खाली न्यायला सुरुवात केली. बाबा एका वल्ह्यानं धडपडत होते, एकाच खांद्यानं. मी काठानं धावलो. हातात पेटीतला मोठा पाना होता. तो कधी उचलला आणि कशासाठी, मला आजही सांगता येणार नाही. बाभळीच्या काट्यांतून, बाजरीतून धावत होतो आणि नाव माझ्यापेक्षा वेगानं जात होती. पुढे एक ओढा नदीला मिळत होता, तोही फुगलेला. तिथं मी थांबलो. मी नगरचा माणूस. पोहणं मला कुणी शिकवलं नव्हतं. गुडघाभर पाण्यात उतरलो आणि परत वर आलो. नाव वळणाआड गेली, आणि मी ओढ्याच्या काठी पाना घेऊन उभा राहिलो. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. मिशनच्या शाळेत पाठ केलेलं बायबलातलं एक वचनसुद्धा तोंडात येईना. नुसतं, त्या बाईच्या कडेवरचं मूल, त्या बाईच्या कडेवरचं मूल, एवढंच मनात फिरत होतं.

दोन तासांनी पलीकडच्या काठावरून एकानं ओरडून सांगितलं की माणसं वाचली. कोसभर खाली बाभूळबनात पाणी शिरलं होतं, तिथं नाव अडकली. बाईला आणि मुलाला झाडावर चढवलं, बाकीचे फांद्या धरून काठाला लागले. एक बैल गेला. नावेची एक बाजू फुटून आत आली. मी खाली बसलो आणि रडलो.

पाणी उतरल्यावर इंजिन सोडवून आणलं. बूच काढलं तर त्या दाभणाएवढ्या भोकात तांबडा गाळ सिमेंटसारखा बसला होता. मूळच्या करंगळीएवढ्या भोकातून असला गाळ वर्षभर वाहिला असता तरी अडला नसता. विहिरीचं पाणी निवळ असतं. पुराच्या पाण्यात गाळ असतो हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? मी ते बूच खिशात घातलं आणि बाबांच्या घरी गेलो.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. उजव्या तळहाताला कोरफड लावून फडकं गुंडाळलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर सोडलं. त्या खुरासारख्या कातड्यावर रुपयाएवढे चार फोड होते, आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"तुमी म्हनला तसा दोन डाव हात धरला, मेस्तरी," ते म्हणाले. "मला कोमटच लागलं."

मला निखारा आठवला. दोन बोटांनी उचललेला, सावकाश ठेवलेला. ज्याच्या हाताला निखारा पोळत नाही, त्याच्या हातावर मी माझं माप सोपवलं होतं.

चावडीवर पंच बसले तेव्हा मी आपण होऊन गेलो. सगळं सांगितलं. बूच पुढे ठेवलं, भोक दाखवलं, गाळ दाखवला. म्हणालो, चूक माझी आहे, हाताचा यात दोष नाही. पाणीच बंद पडलं होतं, बाबांना कळून वेळेवर इंजिन थांबलं असतं तरी पुरात नाव वाहिलीच असती, कारण वल्हीही मीच काढायला लावली. पाटलांनी बूच उचलून उन्हात धरलं, दुसऱ्याच्या हाती दिलं, त्यानं तिसऱ्याच्या. एवढ्याशा पितळेनं एवढी नाव थांबते हे त्यांना पटेना. मी पुन्हा सांगितलं. जितकं जास्त सांगत गेलो तितके ते माझ्याकडे मायेनं बघायला लागले. मिशनची माणसं मनानं चांगली असतात, म्हाताऱ्यासाठी आळ अंगावर घेतोय, असं एक जण दुसऱ्याला म्हणाला, आणि मला ऐकू जाईल असंच म्हणाला. फोड सगळ्यांना दिसत होते. गाळ दाखवायला मला बुचातून टाचणीनं काढावा लागत होता.

मी बाबांकडे वळलो. म्हणालो, तुम्ही तरी सांगा. ते उठून उभे राहिले. माझ्यावर ते रागावलेले मी तेव्हाच पहिल्यांदा आणि शेवटचे पाहिले.

"माझ्यावर दया करू नका, मेस्तरी," ते म्हणाले. "पन्नास वर्सं नाव माझ्या हातानं चालली. बुडाली ती बी माझ्याच हातानं. तुमच्या त्या बुचानं न्हाई."

मी खरं बोललो होतो आणि ते त्यांना अपमानासारखं लागलं होतं. गप्प बसलो असतो तर त्यांचं नुकसान, बोललो तरी त्यांचंच. ज्या हाताला गरम-गार कळत नाही त्या हाती पुरातली माणसं द्यायची कशी, असं पंच म्हणाले, आणि बाबांनी मान हलवली. घाट चुलत घराण्याकडे गेला. नगरला परतताना घोडेगावपर्यंत मी सायकल चालवली नाही, हातात धरून चालत आलो. का ते माहीत नाही.

दिवाळीला मुलगा आला. खाकी सदऱ्यातच मला भेटायला नगरला आला, सरळ, उंच, दोन्ही खांदे शाबूत. मी त्याच्यापुढेही बूच ठेवलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, बा म्हणतोय मेस्तरींना बोल लावायचा नाही, त्यांचं मन मोठं आहे. एवढं बोलून त्यानं मला कुठं काम असेल तर बघा म्हणून विनंती केली. नदीवरचा माणूस, त्याला मी एका वाड्याच्या बांधकामावर चुना मळायला लावून दिला.

मकरसंक्रांतीच्या सुमाराला मी तिळगूळ घेऊन बाबांकडे गेलो. सकाळची वेळ होती. ते अंगणातल्या दगडावर उघडे बसले होते, पुढे पितळेचं घंगाळ, त्यातून वाफा येत होत्या. लोटा त्यांच्या हातात होता, पण ते तो बुडवत नव्हते. वाट बघत होते. घरातून त्यांची बायको पदराला हात पुसत आली, वाकली, घंगाळात आपला हात घातला आणि एक तांब्या गार पाणी ओतलं. पुन्हा हात घालून बघितला.

"घ्या आता," ती म्हणाली.

बाबांनी लोटा बुडवला. मी तिळगूळ हातात घेऊन दारातच उभा राहिलो.